मळी : एका शब्दाची तीन रूपे आणि चक्रीय अर्थव्यवस्था

१

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) उत्तर भागात, प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांखालील गावांत, गळीत-हंगामात 'मळी' हा शब्द सतत कानी पडतो. 'मळीचा टँकर गेला', 'रानात मळी टाकली', 'विहिरीत मळी उतरली' ही तीन वाक्ये त्या परिसरातील कोणाही शेतकऱ्यास सहज समजतात. तिन्ही वाक्यांत शब्द एकच असला, तरी पदार्थ मात्र तीन आहेत. पहिल्या वाक्यातील मळी म्हणजे साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणारा दाट, काळा पाक. त्यापासून मद्यार्क तयार होतो. दुसऱ्या वाक्यातील मळी म्हणजे उसाचा रस गाळताना गाळणीवर साचणारा मऊ, तपकिरी गाळ. तो खत म्हणून शेतात जातो. तिसऱ्या वाक्यातील मळी म्हणजे मद्यार्क काढून घेतल्यानंतर आसवनीतून बाहेर पडणारे तांबडे-काळे सांडपाणी.

या वाक्यांच्या रचनेकडेही लक्ष देण्याजोगे आहे. टँकर कोणीतरी पाठवितो व कोणीतरी विकत घेतो. त्याची पावती फाटते. रानात मळी टाकणारा शेतकरी वाक्यात अध्याहृत असला, तरी क्रियापद सकर्मक आहे, 'कोणी टाकली?' या प्रश्नास तेथे उत्तर आहे. 'विहिरीत मळी उतरली' या वाक्यात मात्र क्रियापद अकर्मक असून मळी स्वतःच कर्ता झालेली आहे. ती कोणी सोडली, हा प्रश्न व्याकरणदृष्ट्या उद्‌भवतच नाही. जो पदार्थ विकला जातो त्याला मालक आहे. जो पदार्थ नुकसान करतो तो जणू आपल्या पायांनी चालत येतो.

टाकाऊ पदार्थ पुन्हा उपयोगात आणणाऱ्या अर्थव्यवस्थेची चर्चा बहुधा यंत्रे, भांडवल व धोरण यांच्या अंगाने होते. उरलेल्या पदार्थाचे नाव, माप, मोल आणि मालक या चार गोष्टी जेथे निश्चित होतात तेथेच वस्तूंचे चक्र पुरे होते आणि यांपैकी एकही अनिश्चित राहिली की ते तुटते, हे नगर जिल्ह्यातील साखर-उद्योगाच्या उदाहरणावरून दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

प्रथम संकल्पनेविषयी. जमिनीतून द्रव्य काढावयाचे, त्याची वस्तू करावयाची, ती वापरावयाची व शेवटी फेकून द्यावयाची, असा औद्योगिक युगातील उत्पादनाचा सरळ रेषेतील क्रम आहे. पृथ्वीचा साठा मर्यादित असल्यामुळे ही रेषा अनंत काळ लांबविता येणार नाही, हे केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये पृथ्वीस अंतराळयानाची उपमा देऊन मांडले. पुढे वॉल्टर स्टाहेल याने वस्तूंचे आयुष्य वाढविण्याचा, दुरुस्तीचा व पुनर्वापराचा विचार १९७० च्या दशकात पुढे आणला. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने या विषयाची स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली. म्हणजे ही कल्पना आता व्यासपीठावरून हिशेबाच्या वहीत उतरू लागली आहे.

मराठीत तिच्यासाठी 'वर्तुळाकार अर्थव्यवस्था' व 'चक्रीय अर्थव्यवस्था' असे दोन पर्याय रूढ होत आहेत. वर्तुळ ही आकृती आहे. ती एकदा काढली की पूर्ण होते. चक्र ही गती आहे. ते फिरविण्यास बळ लागते व फिरताना झीजही होते. या दृष्टीने दुसरा शब्द अधिक सत्याजवळ जाणारा वाटतो. रहाटगाडग्याचे प्रत्येक गाडगे वर येताना थोडे पाणी सांडते, आणि रहाट फिरविण्यास बैल लागतातच. कोणत्याही अर्थव्यवहारातील चक्राचे परीक्षण करताना हे दोन प्रश्न विचारावे लागतात : किती सांडते, आणि बैल कोण?

३

'मळी' या शब्दाचे घर गुऱ्हाळात आहे. घाण्यातून निघालेला रस काहिलीत उकळू लागला की त्यातील गढूळ द्रव्ये फेसाबरोबर वर येतात. रानभेंडीचा चिकट रस घालून हा मळ एकत्र आणावयाचा व झाऱ्याने काढून टाकावयाचा, हे गुळव्याचे कसब. रसाचा मळ तो 'मळी', इतका हा सरळ अर्थ होता. रस काढून घेतल्यावर उरलेली चिपाडे वाळवून त्याच काहिलीखालच्या चुलवणात जाळीत, आणि चुलवणाची राख शेतात जाई. उसाचे शेंड्याकडील हिरवे वाढे बैलांपुढे पडत. हे चक्र लहान होते आणि डोळ्यांसमोर होते. चिपाड, पाचट, वाढे, मळी, राख अशा प्रत्येक उरलेल्या वस्तूस निराळे नाव होते, कारण प्रत्येकीचे स्थान निराळे होते.

कारखाना आला तेव्हा गुऱ्हाळाचे शब्द त्याच्या पाठोपाठ आले. गाळणीवरचा गाळ हा रसाचाच मळ असल्यामुळे त्यास मळी म्हणणे अगदी स्वाभाविक होते. परंतु साखर वेगळी काढल्यावर मागे राहणारा काळा पाक गुऱ्हाळात नव्हता. गुऱ्हाळातील काकवी म्हणजे पातळ गूळ, ती उरलेली वस्तू नव्हे. या नव्या पदार्थासही 'मळी' हेच नाव मिळाले. त्यातून मद्यार्क निघू लागल्यावर मागे राहिलेल्या पाण्यासही प्रथम 'मळीचे पाणी' व बोलण्याच्या ओघात नुसती 'मळी' म्हणू लागले. एका शब्दाच्या अर्थाचा विस्तार उद्योगाच्या विस्ताराबरोबर असा होत गेला.

या नामकरणात समाजाची दृष्टीही दिसते. त्याच काळ्या पाकाचे इंग्रजी नाव पोर्तुगीज भाषेतून आले असून त्याच्या मुळाशी लॅटिनमधील मधाचा वाचक शब्द आहे. एका समाजाने त्यात मध पाहिला, दुसऱ्याने मळ. पदार्थ तोच, 'टाकाऊ' हा त्याचा गुण नसून त्याच्याकडे पाहण्याची रीत आहे. तथापि शब्द बदलला म्हणजे वस्तू बदलते, असे मानण्याची चूकही करू नये. मळीचे मोल शब्दाने नव्हे, तर तिला गिऱ्हाईक मिळाल्याने वाढले.

४

नगर जिल्ह्यातील ऊस हा प्रामुख्याने कालव्यांचा परिणाम होय. अकोले तालुक्यात भंडारदरा येथे प्रवरा नदीवर बांधलेले धरण १९२६ मध्ये पुरे झाले व त्याच्या कालव्यांखाली बागायत पसरली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी येथे खाजगी कारखाने उभे राहिले. १९४८ मध्ये लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५० च्या डिसेंबरअखेर त्याचे पहिले गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील यांचे संघटन व पहिले अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन या दोहोंमधून महाराष्ट्रातील सहकारी साखर-उद्योगाचा पाया घातला गेला.

सहकारी मालकीचे महत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. जो ऊस पुरवितो तोच कारखान्याचा भागधारक असल्यामुळे शेतातून आलेले द्रव्य शेतात परत जाण्यास येथे एक संस्थात्मक वाट तयार होते. गाळणीवरची मळी सभासदांस खतासाठी देण्याची प्रथा या वाटेचेच उदाहरण आहे. डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे एका कारखान्याची वाफ, वायू वा राख दुसऱ्या कारखान्याचा कच्चा माल होते व त्याचे जगभर कौतुक होते. तेथे मालक वेगवेगळे असून प्रत्येक नळीमागे एक करार आहे. सहकारी कारखान्यात कराराची जागा सभासदत्व घेते. दोन्हीकडे तत्त्व एकच : देणारा व घेणारा यांची ओळख पटलेली असते.

एक टन ऊस गाळला असता साधारणतः १०० ते ११० किलो साखर मिळते. ओले चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, २८० ते ३०० किलो निघते. पाकरूप मळी ४० ते ४५ किलो व गाळरूप मळी ३५ ते ४० किलो. उरलेला बहुतेक भाग पाणी होय, कारण उसात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. म्हणजे ज्या वस्तूच्या नावाने कारखाना ओळखला जातो ती उसाचा केवळ दहावा हिस्सा आहे. कारखान्याचे भवितव्य उरलेल्या नऊ हिश्शांचे काय केले जाते यावर बरेचसे अवलंबून असते.

या नऊ हिश्शांपैकी चिपाडाचे चक्र सर्वांत आधी पुरे झाले. ते बाष्पकात जाळून कारखाना आपली वाफ व वीज आपणच निर्माण करतो. उच्च दाबाचे बाष्पक आल्यानंतर उरलेली वीज राज्याच्या जाळ्यास विकता येऊ लागली. पाकरूप मळीचा इतिहास अधिक वळणांचा आहे. साखरेचे उत्पादन वाढले तसे तिचे काय करावे, हा प्रश्नच होता. १९४८ मध्ये केंद्रीय कायद्याने पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची तरतूद केली; १९६१ च्या आदेशाने मळीची किंमत व वाटप सरकारी नियंत्रणाखाली आले; १९९३ मध्ये ते नियंत्रण उठले. २००३ मध्ये इथेनॉल-मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर मळीचे रूपांतर एका मौल्यवान कच्च्या मालात झाले. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी येथे मद्यार्कापासून पुढची रसायनेही बनविली जातात. जिला एके काळी ठेवावयास जागा नव्हती, तिच्यासाठी आज साखर कमी काढली जाते. या शेवटच्या वाक्यात एक धोका दडलेला आहे. त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

५

एक लिटर मद्यार्क काढताना, पद्धतीनुसार, सुमारे ८ ते १५ लिटर सांडपाणी निघते. कल्पनेसाठी रोज ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना घेतला, तर त्याची पाकरूप मळी २०० टनांच्या पुढे जाते; प्रतिटन सुमारे २२५ लिटर या हिशेबाने त्यातून ४५,००० लिटर मद्यार्क व त्यामागे साडेतीन ते पावणेसात लाख लिटर सांडपाणी निर्माण होते. हे पाणी गर्द रंगाचे, उग्र वासाचे व सेंद्रिय द्रव्यांनी भरलेले असते. ते ओढ्यात गेले तर पाण्यातील प्राणवायू संपून जलचर मरतात. जमिनीत मुरले तर आसपासच्या विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहत नाही.

चमत्कार असा की, याच पाण्यात उसाने जमिनीतून उचललेले पालाश मोठ्या प्रमाणात असते. पालाशयुक्त खतासाठी भारत जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. एकीकडे जहाजाने पालाश आणावयाचे व दुसरीकडे तेच विहिरीत उतरू द्यावयाचे, असा हा व्यवहार होता. तो बदलण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्या मार्गाने या पाण्यातून जैववायू काढून तो इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या मार्गाने ते गाळरूप मळीवर शिंपडून कंपोस्ट करतात. येथे एका मळीचे उच्छिष्ट दुसऱ्या मळीत मिसळून खत होते. तिसऱ्या मार्गाने ते आटवून विशेष बाष्पकात जाळतात व राखेतून पालाश मिळवितात. या राखेपासून तयार होणाऱ्या, १४.५ टक्के पालाश असलेल्या खतास केंद्र शासनाने अनुदानित खतांच्या यादीत स्थान दिले आहे.

हे मार्ग केवळ सद्‌बुद्धीने खुले झाले नाहीत. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट आसवनींवर येण्यास लोकांच्या तक्रारी, न्यायालये व प्रदूषण नियंत्रण मंडळे यांचा दीर्घकाळचा रेटा कारणीभूत झाला. पहिल्या परिच्छेदातील तिसऱ्या वाक्याला कर्ता मिळवून देण्याचे कार्य या रेट्याने केले. 'मळी उतरली' याऐवजी 'अमुक आसवनीने इतके लिटर पाणी सोडले' असे म्हणता येण्यासाठी प्रवाहमापक लागतो, नोंदवही लागते व ती पाहण्याचा गावकऱ्यास अधिकार लागतो. सांडपाण्याला 'पालाशयुक्त द्रव' म्हणावे की 'मळी' म्हणावे, हा वाद त्यानंतरचा.

६

कारखान्याकडून नगराकडे वळले असता हीच चार सूत्रे निराळ्या रूपात दिसतात. मराठीत मैल्याच्या खतास 'सोनखत' असा शब्द आहे. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यासारख्या शहरांच्या नगरपालिका मैला व राख मिसळून खत करीत आणि ते आसपासच्या ऊसमळ्यांत जाई. शहराने खाल्लेले शेतास परत मिळत होते. चक्र द्रव्याच्या दृष्टीने पुरे होते. परंतु त्या खताला सोने म्हणणाऱ्या भाषेने ते डोक्यावर वाहणाऱ्या माणसाला मात्र अस्पृश्य म्हटले. त्या चक्राचा बैल जातीने ठरविलेला होता. या कामाच्या सक्तीविरुद्ध १९९३ व पुन्हा २०१३ मध्ये कायदे करावे लागले, हे लक्षात ठेवल्याशिवाय जुन्या काळी काहीच वाया जात नसे, असे गौरवाने म्हणणे उचित ठरणार नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले. भाषेच्या दृष्टीने हा नियम म्हणजे एका शब्दाचे विभाजन होय. 'कचरा' हे नाव ज्या क्षणी सर्व वस्तूंना एकत्र लागते, त्या क्षणी भाजीची देठे, काच, कागद व औषधांच्या पट्ट्या यांचे गुणधर्म परस्परांत नाहीसे होतात. वेगळे करणे म्हणजे पुन्हा नाव देणे. हे काम घरोघर झाले नाही, तर ते कचरा वेचणाऱ्या स्त्रियांच्या हातांनी होते. त्या वेचतात तेव्हा प्रत्येक वस्तूस अचूक नाव व भाव असतो. त्यांच्या श्रमास मात्र बहुधा तो नसतो.

साखर-उद्योगातही असाच एक दुवा आहे. पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड कुटुंबे हंगामात बागायती पट्ट्यात उतरतात. वाढे बैलांना चारून उरलेले विकणे ही त्यांची वरकड मिळकत. फडात राहिलेले पाचट पुष्कळदा पेटवून दिले जाते. एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट असते व ते कुजविल्यास सुमारे ४० ते ५० किलो नत्र जमिनीस परत मिळते, असे कृषिशास्त्र सांगते. तरीही ते जळते, कारण खोडव्यात ते सरीत दाबण्याची मजुरी त्याच हंगामात द्यावी लागते आणि त्याचा लाभ पुढे सावकाश मिळतो. पाचटास नाव आहे, मालक आहे. मोल मात्र उशिराचे आहे. चक्र तुटण्यास एवढे कारण पुरते.

७

शेवटी प्रदेशाचा विचार. कारखाना उसातील पाणी वाफेच्या रूपाने परत मिळवून त्यावर आपले काम बरेचसे भागवू शकतो, ही खरोखर स्तुत्य गोष्ट आहे. एका टन उसात असे सुमारे ७०० लिटर पाणी असते. आता शेताकडे पाहावे. पाटाच्या पाण्यावरील उसास हेक्टरी सुमारे २०,००० घनमीटर पाणी लागते आणि चांगले पीक १०० टन येते, असे धरले, तर एका टनामागे दोन लाख लिटर पाणी खर्च होते. कारखान्याने जे वाचविले ते शेताने वापरलेल्या पाण्याच्या सुमारे तीनशेवा हिस्सा आहे. कुंपणाच्या आतील चक्र पूर्ण आणि कुंपणाबाहेरील रेषा सरळच, अशी ही स्थिती आहे.

इथेनॉलचा धोका तो येथे. उरलेल्या मळीपासून मद्यार्क काढणे हा पुनर्वापर होय. पण साखर पुरती न काढताच ठेवलेल्या मळीपासून किंवा थेट रसापासून इंधन काढणे हे नवे उत्पादन होय. त्यासाठी लागणारा ऊस व पाणी ही उरलेली वस्तू नव्हे. दोन्हींना एकाच चक्राचे नाव दिले की अधिक ऊस लावण्यास एक सात्त्विक सबब मिळते. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले व ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठविले. पाऊस हाच या उद्योगाचा अंतिम हिशेबनीस आहे, हे त्या निर्बंधांनी दाखवून दिले.

पाण्याचा मालक कोण, हा प्रश्न नगर जिल्ह्यास नवा नाही. नाशिक व नगरमधील धरणांतून पैठणच्या जायकवाडी जलाशयासाठी पाणी सोडण्यावरून जवळजवळ प्रत्येक तुटीच्या वर्षी वाद होतो. मेंढेगिरी समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या २०१४ च्या आदेशाने जायकवाडीतील साठ्याची ६५ टक्के ही मर्यादा धरून वाटपाचे कोष्टक ठरविले. ते सर्वांस मान्य नसले, तरी वरच्या खोऱ्यातील उसाचा हिशेब खालच्या खोऱ्यातील तहानेशी त्याने जोडला, हे त्याचे महत्त्व नाकारता येत नाही.

याच जिल्ह्यात दुसरेही उदाहरण आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे, पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतरच्या काळात, पाणलोटाची कामे झाली आणि सिंचनासाठी कूपनलिका न खोदण्याचा व ऊस-केळीसारखी पिके टाळण्याचा नियम गावाने स्वीकारला. पावसाळ्यानंतर पडलेला पाऊस मोजून उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडावयाचा व त्यावरून पिके ठरवावयाची, ही तेथील पद्धत आहे. तेथे कोणतेही मोठे यंत्र नाही. पाण्यास माप मिळाले व मालक म्हणून ग्रामसभा उभी राहिली, एवढेच झाले. सर्व जिल्ह्याने हिवरे बाजार व्हावे, असे म्हणणे अवास्तव होईल. कालव्याखालील गावाची अर्थस्थिती वेगळी आहे. परंतु मापनाची ती शिस्त मात्र कालव्याखाली नेता येण्याजोगी आहे.

८

तात्पर्य, चक्रीय अर्थव्यवस्थेची कसोटी पुनर्वापराच्या यंत्रांच्या संख्येने लावता येत नाही. चिपाडास चारही गोष्टी मिळाल्या, म्हणून त्याचे चक्र फिरते. पाचटास वेळेवर मोल मिळत नाही, म्हणून ते जळते. सांडपाण्यास दीर्घकाळ मालक नव्हता, म्हणून ते विहिरीत उतरले. पाण्यास कुंपणाच्या आत माप आहे, बाहेर ते पुरेसे नाही, म्हणून सर्वांत मोठी गळती तेथेच आहे.

अभ्यासकांपुढे यातून एक प्रत्यक्ष काम उभे राहते. जिल्ह्यातील गुऱ्हाळे, कारखाने, आसवनी, भंगाराची दुकाने व नगरपालिकांची खतस्थाने येथे उरलेल्या वस्तूंसाठी कोणते शब्द बोलले जातात, त्या शब्दांबरोबर कोणती क्रियापदे येतात व त्या वाक्यांत कर्ता कोठे उपस्थित असतो, कोठे गळतो, याची पद्धतशीर नोंद व्हावयास हवी. ज्या वाक्यातून कर्ता नाहीसा होतो, तेथे बहुधा एखादी विहीर बिघडत असते किंवा एखाद्याचे श्रम विनामोल जात असतात. अशी नोंद अर्थशास्त्रज्ञास व अभियंत्यास उपयोगी पडेलच. पण ज्यांच्या विहिरीत मळी उतरते, त्यांना ती विशेष उपयोगी पडेल.